घडीच्या चाकूची मूठ: हाड, शिंग, सेल्युलॉइड, शिंपला ओळखावं आणि निवडावं कसं

केस या अमेरिकन कंपनीच्या 'ट्रॅपर' नमुन्याचे तीन चाकू शेजारी ठेवा. एकाच्या पात्याच्या मुळाशी ६२५४ कोरलंय, दुसऱ्यावर ५२५४, तिसऱ्यावर ३२५४. पाती तीच, पाठीची स्प्रिंग तीच, बंद चाकूची लांबीही तीच, साधारण साडेदहा सेंटिमीटर. फरक पहिल्या आकड्यात आहे आणि तो आकडा मुठीचा: ३ म्हणजे पिवळं प्लास्टिक, ५ म्हणजे खरं हरणशिंग, ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड. शिंपल्याला ८, नकली शिंपल्याला ९. दुसरा आकडा पात्यांची संख्या सांगतो, शेवटचे दोन नमुना. पोलाद सारखंच असूनही किमतीत मोठं अंतर पडतं ते या पहिल्या आकड्यामुळे.

पण आकड्यावर विसंबू नका. केसने '६' हा आकडा हाडाला वापरला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या 'रफ ब्लॅक' या काळ्या कृत्रिम मुठीला वापरला आणि पुढे डेलरिन या प्लास्टिकलाही वापरला. ६२५४ वाचून 'हाडाची मूठ' असं लिहिणारा विक्रेता खोटारडा असेलच असं नाही, पण तो बरोबर आहे असंही नाही. मूठ डोळ्यांनी आणि हातांनी ओळखावी लागते.

आधी मूठ कशी बांधलेली असते ते

घडीच्या चाकूच्या मुठीत मधोमध पाठीची स्प्रिंग, तिच्या दोन्ही अंगांना पातळ पत्रे (लायनर, जुन्या चाकूंत बहुधा पितळी), टोकांना धातूचे बोल्स्टर, आणि या बोल्स्टरांच्या मधे पत्र्यावर बसवलेल्या दोन पट्ट्या. हाड, शिंग, लाकूड म्हणतो ते या पट्ट्यांचं. त्या बारीक खिळ्यांनी पत्र्याला ठोकलेल्या असतात. बऱ्याचदा एका पट्टीत धातूचा छोटा बिल्ला बसवलेला असतो, त्याला शील्ड म्हणतात.

सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. पितळ आणि पोलाद हवेतल्या ओलाव्याने फुगत नाहीत, आकसत नाहीत. वरची पट्टी मात्र हलते. ओलाव्यात फुगते, कोरड्यात आकसते, आणि खिळे तिला जागचं हलू देत नाहीत. मग ती खिळ्यापाशी तडकते, नाहीतर बोल्स्टरपासून मागे सरते, नाहीतर कडेने उचलली जाते. त्यामुळे कोणताही पदार्थ पारखताना पहिला प्रश्न 'किती देखणा' हा नाही. 'हा किती हलतो, आणि आजवर किती हलून झालाय' हा आहे.

सोबत काय घ्यावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि साध्या ८० जीएसएमच्या कागदाची बोटभर पट्टी. हा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. बोल्स्टर आणि पट्टी यांच्या सांध्यात किंवा पट्टी आणि पत्र्याच्या मधे तो सहज सरकला तर पट्टी आकसली आहे किंवा सुटायला लागली आहे. ताकद लावून कागद घुसवू नका. सुटत आलेली पट्टी तिथेच मोडते.

तापलेली सुई टोचून पाहायची जुनी पद्धत पूर्णपणे टाळा. हाडावर कायमचा डाग राहतो आणि पट्टी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची निघाली तर ती पेट घेते.

हाड

संग्रह सुरू करायचा असेल तर हाडापासून करा. मिळतं भरपूर, टिकतं चांगलं, आणि नजर तयार होते ती हाडावरच. वापरतात ते गुरांच्या नडगीचं हाड, कारण तिथे सरळ आणि जाड भिंत मिळते. केसचं हाड ब्राझीलमधल्या वशिंडाच्या गुरांचं असतं. त्या गुरांचे पूर्वज भारतातूनच तिकडे गेले; तिथल्या 'नेलोर' जातीचं नाव आंध्रातल्या नेल्लोरवरूनच पडलंय.

हाडावर यंत्राने खाचा पाडण्याची रीत हरणशिंगाची नक्कल म्हणून आली. म्हणून जुने अमेरिकन लोक खाचांच्या हाडाला 'बोन स्टॅग' ('स्टॅग' म्हणजे हरणशिंग) म्हणतात आणि नवखा ग्राहक त्याला शिंग समजून बसतो. कनेक्टिकटमधल्या रॉकफॉलच्या रॉजर्स कारखान्याने अनेक चाकू कंपन्यांना असं तयार हाड पुरवलं. न्यू जर्सीतल्या विंटरबॉटमच्या हाडावरच्या खाचा लांबट, शिंगाच्या सालीसारख्या असतात; क्वीन कंपनीच्या चाकूंवर त्या दिसतात. रेमिंग्टनच्या काही चाकूंवर पीचच्या कोयीसारखा नमुना आहे. हे नमुने नजरेत बसले की पुढे पट्टी बदललेला चाकू ओळखणं सोपं जातं.

भिंगाखाली हाडात बारीक काळसर ठिपके आणि छोट्या रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. पट्टीच्या कडेला आणि खाचेच्या तळाशी त्या जास्त स्पष्ट असतात. दुसरी खूण रंगाची. रंग हाडात वरूनच मुरतो, तळापर्यंत जात नाही, त्यामुळे उंचवटे झिजले की तिथे फिकट रंग उघडा पडतो आणि खाचेत गडद राहतो. डाव्या-उजव्या पट्टीच्या छटेत थोडा फरक असणं हेही हाडाचंच लक्षण. अतिनील उजेडात हाड निळसर-पांढरं चमकतं. गडद रंगवलेलं हाड कमी चमकतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

डेलरिन हे ड्युपाँटचं प्लास्टिक १९६० च्या सुमारास बाजारात आलं. साच्यातून निघत असल्याने त्याचा रंग आरपार एकच असतो, नळ्यांचे ठिपके नसतात, आणि एकाच नमुन्याच्या दोन चाकूंवरच्या खाचा हुबेहूब जुळतात. हाडात असं होत नाही. डेलरिन वाईट नाही बरं. ते जवळजवळ आकसत नाही, तडकत नाही, घामाला आणि तेलाला दाद देत नाही. रोज खिशात ठेवायच्या चाकूला हाडापेक्षा तेच बरं. हाड म्हणून, हाडाच्या भावात ते घेऊ नये इतकंच.

हाडात बिघडतं ते बहुधा दोन जागी. पहिली जागा खिळ्याची. खिळ्यापासून कडेकडे केसासारखा तडा जातो. टॉर्च तिरका धरून पट्टीवरून सावकाश फिरवा, तडा सावलीच्या रेघेसारखा उठून दिसतो. तडा दोन खिळ्यांच्या मधेच थांबला असेल तर चाकू घेण्यासारखा आहे. कडेपर्यंत पोचला असेल तर तो तुकडा कधीतरी निघणार, हे धरूनच भाव करावा. दुसरी जागा बोल्स्टरचा सांधा. नख आडवं फिरवा. नख अडलं की फट आहे.

सांबरशिंग

इंग्लंडमधल्या शेफील्ड, जर्मनीतल्या झोलिंगेन आणि अमेरिकेतल्या चाकू कारागिरांनी 'स्टॅग' म्हणून पिढ्यानपिढ्या सर्वात जास्त नावाजलं ते सांबराचं शिंग. कारण शरीररचनेतलं आहे. सांबराच्या शिंगाची बाहेरची भिंत जाड आणि घट्ट असते, आतला भुसभुशीत गाभा कमी. इतर हरणांच्या शिंगात गाभा लवकर लागतो आणि पट्टी पातळ करता करता कारागीर भुशापर्यंत पोचतो.

सांबर दरवर्षी शिंगं गाळतो आणि गळालेली शिंगं रानातून वेचली जात. हा माल भारतातून जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली, जुना साठा संपत गेला आणि शिंगाच्या मुठीचे भाव वर चढले. इथल्या वाचकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सांबर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. ताडोबा-मेळघाटाच्या कडेने किंवा सह्याद्रीत फिरताना सापडलेलं शिंग उचलून मूठ करून घेणं, किंवा परदेशी चाकू सांबरशिंगाचा आहे हे माहीत असून भारतात मागवणं, या दोन्ही वाटांनी जाऊ नका. परदेशात राहणाऱ्याने तिथल्या कायद्याने घेतलेला चाकू भारतभेटीला येताना घरीच ठेवावा.

शिंग पारखताना तीन गोष्टी पाहाव्या. साल: बाहेरचा खडबडीत, तपकिरी-मधाळ भाग पट्टीवर किती शिल्लक आहे. सगळी साल घासून गेलेलं पिवळट शिंग लांबून हाडासारखंच दिसतं आणि त्याचा भावही त्याच अंगाने उतरतो. जोडी: दोन्ही बाजूंची उंची आणि रंग जुळतात का. शिंग मुळातच गोल आणि वेडंवाकडं, त्यामुळे जुळलेली जोडी मिळणं कठीण आणि किंमत त्या जोडीचीच असते. आणि गाभा: पट्टीची कड, विशेषतः बोल्स्टरजवळ, भिंगाखाली स्पंजासारखी दिसली तर तिथे ओलावा शिरणार आणि पितळी पत्रा हिरवा पडणार. कच्च्या शिंगाचा तो भाग रेझिनने भरलेला असेल तर अतिनील उजेडात वेगळा चमकतो.

शिंगाची पट्टी हाडापेक्षा जाड ठेवावी लागते, नाहीतर साल उरत नाही. म्हणजे तोच नमुना शिंगात हातात भरीव लागतो आणि खिशात जाडा.

सेल्युलॉइड: सुंदर आणि शेजाऱ्यांना मारक

१८७० मध्ये अमेरिकेत जॉन हायटने पेटंट घेतलेलं हे प्लास्टिक चाकूवाल्यांच्या हाती लागलं आणि मुठींत रंग आले. ख्रिसमस ट्री, कँडी स्ट्राइप, बटर अँड मोलॅसिस, फुटलेल्या बर्फासारखं 'क्रॅक्ड आइस' ही सगळी त्यातलीच नावं. शंभर वर्षांपूर्वीचं चांगल्या अवस्थेतलं सेल्युलॉइड आज दुर्मीळ आहे, आणि का दुर्मीळ आहे ते समजून घेतल्याशिवाय ते विकत घेऊ नये.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. कापूर हळूहळू उडून जातो, तशी पट्टी आकसते. नायट्रोसेल्युलोज विघटित होतं तेव्हा नायट्रोजनची आम्ल ऑक्साइडं बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ते आम्ल पात्याला गंज चढवतं, पितळ हिरवं करतं आणि उरलेल्या सेल्युलॉइडचं विघटन आणखी वेगाने करतं. डबा हवाबंद असेल तर वाफ आतच कोंडते आणि शेजारचे हाडाचे, शिंपल्याचे चाकूही गंजतात. एका बिघडत्या मुठीपायी अख्खा खण जातो.

बिघाड ओळखण्याचा क्रम असा. पातं उघडून मुठीच्या पोकळीत टॉर्च मारा. बाहेर पातं चकचकीत आणि पोकळीत दडणाऱ्या भागावर ताजा तांबूस गंज असेल तर संशय घ्या. मग पत्र्याच्या कडेला हिरवट चिकट थर शोधा. मग नाकाशी धरा: निरोगी सेल्युलॉइडला कापराचा मंद वास येतो, बिघडत्याला आंबूस, झोंबणारा. शेवटी पट्टीत आतून जाळीसारख्या भेगा दिसतात, आणि तिथवर वेळ आली की उपाय उरत नाही. पारदर्शक, पिवळी आणि कासवाच्या पाठीसारखी दिसणारी सेल्युलॉइडं आधी जातात. काळी आणि अपारदर्शक पांढरी जास्त टिकतात.

जालीम उपाय नाही. सेल्युलॉइडचे चाकू इतरांपासून वेगळ्या कपाटात, थंड आणि कोरड्या जागी, हवा खेळेल अशा उघड्या ट्रेमध्ये ठेवावे आणि महिन्यातून एकदा पोकळी तपासावी. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका. ॲसिटोनमध्ये ते विरघळतं आणि अल्कोहोलने पृष्ठभाग मऊ पडतो. बफिंग चाकावर तर धरूच नये. घर्षणाच्या उष्णतेने ते पेटतं.

शिंपला आणि हस्तिदंत

शिंपला ओलाव्याने हलत नाही. त्याची तऱ्हा वेगळी: तो ठिसूळ असतो. खिळ्याभोवती तडा नसलेली जुनी शिंपल्याची मूठ सापडणं हीच बातमी. सपाट शिंपल्याचा तुकडा मोठा मिळत नाही, म्हणून तो बहुधा अडीच-तीन इंचांच्या लहान पेनचाकूंवर दिसतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू केला, त्याची मूठही शिंपल्याचीच.

गालाला टेकवून पाहा. खरा शिंपला थंडगार लागतो आणि थंड राहतो, प्लास्टिक लगेच कोमट होतं. चाकू हलवला की खऱ्या शिंपल्यातली चमक खोलवरच्या थरांतून सरकते. नकलीत तोच तोच लहरींचा नमुना पुन्हा येतो. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारं. पत्रा पितळेचा आहे म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर लावायचा मोह आवरा. पितळ उजळेल, शिंपल्याची झिलई जाईल आणि पातं गंजेल.

हस्तिदंताबद्दल थोडक्यात: भारतात त्याचा व्यापार बंद आहे, तेव्हा हा विषय फक्त ओळखण्यापुरता. एकमेकांना छेदणाऱ्या ज्या रेषांनी हस्तिदंत ओळखतात त्या दाताच्या आडव्या छेदात दिसतात. चाकूची पट्टी उभी कापलेली असते, त्यामुळे तिच्या तोंडावर त्या क्वचितच दिसतात. दिसल्या तर पट्टीच्या टोकाला. 'फ्रेंच आयव्हरी' नावाने विकलं जाणारं मात्र पांढरं सेल्युलॉइड असतं आणि त्यातल्या समांतर रेषा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात.

म्हशीचं शिंग, लाकूड आणि उरलेले

म्हशीचं शिंग सांबराच्या शिंगापेक्षा पूर्ण निराळं. सांबरशिंग हाड आहे. म्हशीचं शिंग आपल्या नखांसारखं, केराटिनचं. ते ओलावा पितं आणि कोरडं पडलं की पट्टी मधून वळते, टोकं बोल्स्टरपासून उचलली जातात. वर किडेही ते खातात. लोकरी कपड्यांना भोकं पाडणाऱ्या किड्यांच्या अळ्या शिंगाच्या मुठीवर टाचणीच्या टोकाएवढे खळगे पाडतात. लोकरी कापडात गुंडाळून ठेवणं म्हणजे त्यांना ताट वाढून देणं. चाकू सुती कापडात ठेवा आणि दर महिन्याला मऊ ब्रशने झटका.

लाकडात कोकोबोलो आणि आबनूस जास्त दिसतात. कोकोबोलो तेलकट, त्यामुळे कमी हलतं, पण त्याच तेलामुळे डिंक नीट धरत नाही. खिळे नसलेली पट्टी असेल तर कागदाची परीक्षा जरूर करा. आबनूस दिसायला उत्तम, पण कोरड्या हवेत उभं तडकतं. मायकार्टा म्हणजे कापड किंवा कागद रेझिनमध्ये दाबून केलेला पत्रा. तो न हलणारा, न तडकणारा. हाताच्या तेलाने काळवंडतो इतकंच, आणि वापरणाऱ्यांना ते आवडतं.

पट्टी मूळचीच आहे का

मूठ बदललेला चाकू वापरायला उत्तम, संग्रहात मात्र निम्म्याहून कमी मोलाचा. पारखताना आधी पात्याच्या मुळाशी असलेला कंपनीचा शिक्का वाचा. केसने १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला; १९७१ ला नऊ, १९७५ ला पाच. 'टेस्टेड डबल एक्स' शिक्का १९२० ते १९४० च्या सुमाराचा. त्या शिक्क्याच्या चाकूवर डेलरिन असेल तर पट्टी नंतर बसवली आहे, वाद संपला.

मग कडा बघा. कारखान्यात पट्टी आणि बोल्स्टर एकत्र घासतात, त्यामुळे दोन्ही एका पातळीत असतात आणि पुढे झिजतातही एकत्र. बोल्स्टर गुळगुळीत झिजलेला आणि पट्टीच्या खाचा कोऱ्या, हे जमत नाही. नवी पट्टी जुळवताना बोल्स्टरही घासला जातो, म्हणून त्याच्या कडा वाजवीपेक्षा गोल होतात. पात्यावरचा शिक्का पुसट असेल तर पातंही बफिंग चाकावरून गेलं असणार. पोकळीत अतिनील टॉर्च मारा: नवीन इपॉक्सी डिंक ओघळलेला असेल तर तो चमकतो. शील्डच्या चारी बाजूंनी फट सारखी असावी. एका बाजूला काळी पोकळी आणि दुसरीकडे डिंक असेल तर ती हाताने बसवलेली आहे.

ठेवताना

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. 'स्थिर' हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पट्टी तडकते ती ओलं-कोरडं होण्याच्या फेऱ्यामुळे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात खणात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा आणि जेल रंग बदलताच वाळवावं. शिकागो-न्यू जर्सीत राहणाऱ्यांचा प्रश्न उलटा. हिवाळ्यात हीटरने घर कोरडं पडतं आणि हाड जानेवारीत तडकतं. तिथे खण हीटरच्या भिंतीपासून दूर हवा. चामड्याच्या म्यानात चाकू साठवू नका. चामड्यातली आम्लं पितळेला हिरवा थर आणतात.

सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब टाका, पातं चार-पाच वेळा उघडा-मिटा आणि बाहेर आलेलं काळं पुसून घ्या. हाडाच्या आणि लाकडाच्या मुठीवर तेच तेल फडक्याच्या टोकाला लावून फिरवायचं आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं. वर्षातून दोनदा पुरे. खोबरेल लावू नका. ते खवट होतं, खाचांत चिकट बसतं, आणि थंडीत थिजलं की पांढरे डाग दिसायला लागतात. तसं आधीच लावलेलं असेल तर मऊ टूथब्रश जेमतेम ओला करून खाचांतलं काढा, लगेच कोरडं करा आणि पातं अर्धं उघडून चाकू रात्रभर पंख्याखाली ठेवा.